ओट्यावरची साक्ष

आडनाव गायकवाड, साळवे नाहीतर शिंदे. बोली अस्सल नगरी. डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अशा माणसाला कचेरीत नवा आलेला सहकारी हमखास म्हणतो, “तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!” मग ठरलेले प्रश्न येतात. घरी इंग्रजीच बोलता का? गोव्याला कोण असतं? तुमच्यात कुंकू लावत नाहीत का? आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, “पण मूळचे कोण तुम्ही?” नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला आपला धर्म जगाला सांगायला व्यासपीठावर चढावं लागत नाही. चहाच्या टपरीवर, एसटीत, शेजारच्या हळदीकुंकवाला तो विषय आपणहून त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. तेव्हा तो काय बोलतो, किती बोलतो आणि कधी गप्प बसतो, हा प्रश्न आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अशा बोलण्याला साक्ष देणं म्हणतात. आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगायचं. ऐकणाऱ्याला पटलं तर पटलं. वरकरणी साधी वाटणारी ही गोष्ट आज महाराष्ट्रात चांगलीच अवघडून बसली आहे. ‘भेटेल त्याला प्रभूचं नाव सांगा’ हा आग्रह एकीकडे, ‘हे लोक बाटवायला येतात’ हा संशय दुसरीकडे. मध्ये नोकरी, भावकी आणि शेजार सांभाळणारा माणूस. तो बहुतेक वेळा विषय बदलतो.

नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. बोलण्यात ते अजून नगरच आहे. या जिल्ह्याला ख्रिस्ती साक्षीचा जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे, आणि तो चाळला की एक गोष्ट पुन्हापुन्हा हाती लागते. इथं ख्रिस्ताचं नाव पसरलं ते बाजारातल्या उपदेशाने थोडं आणि ओट्यावरच्या, प्रवासातल्या, सोयऱ्याधायऱ्यांमधल्या बोलण्याने बरंच जास्त. बोलणाऱ्याने पदरची किंमत मोजली तिथं ते बोलणं टिकलं. जिथं ऐकणाऱ्याच्या अडचणीचा फायदा उठवल्याचा वास आला, तिथं त्याचा डाग पुढच्या पिढ्यांनाही धुता आला नाही.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी नगरला बिऱ्हाड करायला आले. मुंबईत या मिशनचं काम १८१३ पासून चालू होतं. पद्धत ठरलेली होती: बाजारात, देवळाजवळ, धर्मशाळेत उभं राहायचं, मराठीत उपदेश करायचा, छापील पत्रकं वाटायची. गर्दी जमे. कुणी शास्त्री आडवे प्रश्न टाकी, हशा पिके, वाद रंगे आणि संध्याकाळी सगळे घरी जात. नगरला आलेल्या तिघांबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. परक्या उच्चारातल्या मराठीपेक्षा त्यांचं बोलणं लोकांना कळे, पण त्यांच्यावरचा राग अर्थातच दुप्पट. हार्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले आणि १८३३ मध्ये बाबाजीही. त्याच वर्षी नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. रीड यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत बाबाजींचं चरित्र प्रसिद्ध केलं.

भर चौकातल्या धर्मवादाचा कळस नगरला नाही, मुंबईला झाला. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत हिंदू धर्माची बाजू लढवणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झडले. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत छापला. आपणच जिंकलो, असं दोन्ही पक्षांना वाटलं. माणसं हलली नाहीत. वादात हरलेला माणूस मत बदलतो, ही समजूत वकिलांनाही नसते; धर्मोपदेशकांना मात्र ती फार काळ होती.

नगरच्या घराघरांत काय चाललं होतं ते वेगळं आहे. हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा १८३९ मध्ये झाला. पुढे ते पाळक झाले. त्यांची मुलगी कृपाबाई १८६२ मध्ये नगरलाच जन्मली आणि लग्नानंतर मद्रासला कृपाबाई सत्यनाथन या नावाने इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजली. ‘सगुणा’ ही तिची आत्मकथनात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मासिकातून आली. तिच्यात आईवडिलांच्या धर्मांतराची हकीगत आहे, आणि खरं वाचण्यासारखं पात्र आहे ते आईचं. नवऱ्याने रात्रंदिवस विचार करून घेतलेला निर्णय या बाईच्या अंगावर येऊन आदळतो. माहेर तुटतं, सोवळं तुटतं, ओळखीचं सगळं जग तुटतं. युक्तिवादाने तिचं समाधान होत नाही. तिची समजूत पटते ती पुढे, संसारात आणि सहवासात. साक्षीच्या गोष्टी बहुधा जो आधी बाप्तिस्मा घेतो तो सांगतो. त्याच्यामागून फरफटत गेलेल्या माणसाची बाजू कृपाबाईंनी त्या काळात लिहून ठेवली, हे मोलाचं आहे.

याच शहरात सिंथिया फरार शाळा चालवत होत्या. १८२७ मध्ये मुंबईला आलेली ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८३९ पासून नगरला होती आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुले १८४८ मध्ये मित्राबरोबर तिच्या मुलींच्या शाळा पाहायला आले आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. फुल्यांनी मिशनऱ्यांशी मोकळेपणाने मैत्री केली, चर्चा केल्या, बायबल वाचलं आणि बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या वार्षिक अहवालातल्या रकान्यात या भेटीची नोंद शून्य ठरली असती. पण मराठी समाजाचा हिशेब केला तर नगरमधल्या एका शाळाभेटीतून इतकं क्वचितच उगवलं असेल. फुल्यांच्या मरणोत्तर, १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब कल्पिलेलं आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात. नगर जिल्ह्यात ही कल्पना आज भावकीपुरती तरी खरी झाली आहे. एकाच आडनावाच्या चार घरांत एक बौद्ध, एक ख्रिस्ती, दोन हिंदू, आणि लग्नाच्या पंगतीला सगळे.

भावकीचा हा धागाच खरा महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून राहुरी, वडाळा, पारनेर, कोळगाव या भागांत मिशनची ठाणी पडली. कबीरपंथी महार गुरूंशी मिशनऱ्यांच्या चर्चा झाल्या, त्यांतले काही ख्रिस्ती झाले, आणि गुरूच्या मागे शिष्य व शिष्यांच्या मागे सोयरे आले. ब्राह्मण धर्मांतरितांची नावं पुस्तकांत आली, संख्या आली ती महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन दोन दिवस येई. बाराही महिने गावात असे तो शाळेचा मास्तर. तोच रविवारी उपासना घेई, तोच पत्रं वाचून दाखवी, तोच सरकारी कागदाचा अर्थ सांगे. बायबलबाया दुपारच्या वेळी घरोघर जात, धान्य निवडता निवडता गोष्ट सांगत. वेस्कॉम पिकेट यांनी १९३३ मध्ये भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांवर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं एकेकटी नव्हे, नात्यागोत्याने येतात, हा त्याचा गाभा. नगरच्या खेड्यांत ते पन्नाससाठ वर्षं आधीच डोळ्यांसमोर घडलं होतं.

त्या लोकांना त्यातून काय मिळालं, याचं उत्तर ‘धर्म’ एवढ्या एका शब्दात देता येत नाही. अक्षरओळख मिळाली. पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या माणसाला मंडळीत बसायला बाक मिळाला. आपलं नाव नोंदवहीत शाईने लिहिलं गेलं. मिशनऱ्यांना ही भक्तीतली भेसळ वाटे. ज्याच्या पाठीवर गावकीचं ओझं होतं त्याला ती भेसळ वाटण्याचं कारण नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी पुढे ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना एक बोचरा मुद्दा मांडला: धर्मांतरानंतर ही माणसं सामाजिक अन्यायाबद्दल गप्प का होतात? हा प्रश्न नगरच्या मंडळ्यांना अजूनही अडचणीचा वाटतो, आणि वाटायला हवा.

दुष्काळाचं प्रकरण टाळून चालणार नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, दोन्हींनी नगर जिल्हा होरपळला. दोन्हींच्या मागोमाग बाप्तिस्म्यांचे आकडे फुगले. मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी नगरला हजारोंना काम आणि अन्न पुरवलं, अनाथ मुलं सांभाळली. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदकही दिलं. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण पोटात भूक असलेल्या माणसाला भाकरी देणाऱ्या हाताने पुस्तकही पुढे केलं, की घेणारा नेमकं काय घेतो ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा आजही गावात भांडण पेटलं की निघतो. तो बहुतेकांच्या बाबतीत अन्यायाचा आहे. तो निघायला जागा मात्र तेव्हाच्या घाईने ठेवली.

साक्षीला मराठी चाल मिळाली तीही नगरच्याच परिसरात. अमेरिकन सुरावटीत बसवलेली गीतं मंडळीत म्हटली जात, पण खेड्यातल्या माणसाला ती कवायतीसारखी वाटत. १८६० नंतरच्या काळात इथल्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचललं. कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात अग्रणी. एकतारी, झांज, मृदंग, आधी निरूपण, मग येशूच्या चरित्रातलं आख्यान, मधूनमधून पदं. बाजारातल्या उपदेशकाला दगड मारणारे लोक कीर्तनाला रात्री उशिरापर्यंत बसत. कारण उघड आहे. कीर्तनकार समोरच्याला चूक ठरवायला उभा नसतो, तो गोष्ट सांगतो. आणि ऐकणाऱ्याला मध्येच उठून घरी जाण्याची पूर्ण मोकळीक असते. भजनी मंडळांत बायका आजही ढोलकीवर ख्रिस्ती भजनं म्हणतात ती याच परंपरेची.

एका संभाषणाने काय होऊ शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण मात्र रेल्वेच्या डब्यात घडलं. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. टिळकांना वाटलं, हा आपल्याला उठवून लावणार. त्याने उलट जागा करून दिली आणि गप्पा काढल्या, त्याही काव्यावर. निघताना त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं, पण दिलेल्या शब्दाखातर त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून. त्या सहप्रवाशाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही.

हा प्रसंग मंडळ्यांतून इतक्यांदा सांगितला जातो की त्यातला तपशील झिजून गेला आहे. त्या माणसाने सुरुवात धर्माने केली नाही. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा असून तो बरोबरीने वागला, आणि १८९३ मध्ये ती साधी गोष्ट नव्हती. पुस्तक दिल्यावर तो पाठीमागे लागला नाही. त्याने सांगितलेलं भाकीत खरं ठरलं म्हणून गोष्ट रंगते. न ठरतं तरी टिळकांना एक चांगला सहप्रवासी भेटलाच होता.

बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले. किंमत मोजली ती घरात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या विचाराने. जातपात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या पद्धतीने निकाल लावला, तेव्हाच. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतलं. घरोघरच्या हिंदू वाचकांनी एका ख्रिस्ती बाईची साक्ष पानापानावर हसत आणि डोळे पुसत वाचली आणि आपल्याला कुणी उपदेश केला असं कुणाला वाटलं नाही. कारण त्या पुस्तकात लक्ष्मीबाई नवऱ्याची भोळसट उदारता, मिशनमधली भांडणं, स्वतःची फजिती, काही म्हणून झाकत नाहीत. मराठीत ख्रिस्ती विश्वासाबद्दल इतकं मोकळं आणि इतकं परिणामकारक दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही, असं म्हणायला हरकत नाही.

टिळकांच्या नगरच्या घरात कोण नव्हतं! बालकवी ठोंबरे काही काळ तिथं राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. घरात सकाळसंध्याकाळ प्रार्थना, भजन, ख्रिस्ताचं नाव. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यावरून नातं बिघडलं नाही. टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचल्याचं सांगत, आणि त्यांचे अभंग व पदं आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत ही कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार रुजायचा राहिला. मिशनमधल्या अनेकांना तो पटलाही नव्हता.

याच्या उलट बाजूचं प्रकरण पुण्यात झालं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवत, आणि काही मुली येऊन बसत. उघडं दार म्हणजे आमंत्रण की निव्वळ प्रामाणिकपणा? १८९३ मध्ये यावरून गदारोळ उठला, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई पुढे केडगावला गेल्या (नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं). रमाबाईंचं म्हणणं रास्त होतं: स्वतःच्या खोलीत दार लावून लपून प्रार्थना का करावी? पण पालकांची भीतीही खोटी नव्हती. सदनातल्या विधवा मुली निराधार होत्या, आणि ज्याच्या छपराखाली आपण राहतो त्याच्या श्रद्धेला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. शाळा, वसतिगृह, दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा पेच आजही चुकलेला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ‘प्रचार’ या हक्कावर जोरदार चर्चा झाली आणि तो पंचविसाव्या अनुच्छेदात राहिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही. सक्ती, फसवणूक आणि प्रलोभन यांविरुद्धचे ओडिशा व मध्य प्रदेशचे कायदे वैध ठरले. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तेव्हापासून हा विषय राज्यात तापलेला आहे. कागदावर सीमारेषा स्वच्छ दिसते. गावात ती पुसट होते. आजारी शेजारणीसाठी प्रार्थना करायला गेलेली बाई साक्ष देते की प्रलोभन? उत्तर बऱ्याचदा तक्रार करणाऱ्याच्या जोरावर ठरतं, आणि म्हणून लोक घरगुती प्रार्थनेलाही खिडक्या लावून घ्यायला लागले आहेत.

गप्प बसण्याचं दुसरं कारण क्वचितच बोललं जातं. ते कागदाचं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. एकाच पणजोबाच्या दोन पणतवंडांपैकी बौद्ध असलेल्याला दाखला मिळतो, ख्रिस्ती असलेल्याला नाही. या प्रश्नावर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ठणकावलं, की विश्वास ख्रिस्ती आणि नोकरीसाठी दाखला हिंदू, हे राज्यघटनेशी प्रतारणा करण्यासारखं आहे. न्यायालयाचं तर्कशास्त्र बिनतोड असेल. पण ज्याचा बाप्तिस्म्याचा दाखला एका पेटीत आणि जातीचा दाखला दुसऱ्या पेटीत आहे, त्याला ‘मोकळेपणाने साक्ष द्या’ हे सांगताना पाळकांनी जरा थांबावं. जात सोडल्याने जातीचा जाच गेला असता तर गोष्ट वेगळी. गावाने त्याला कधी ‘मूळचा’ म्हणायचं सोडलेलं नाही.

आता घरातल्या चुकांकडे. गेल्या काही दशकांत स्वतंत्र मंडळ्या आणि चंगाईच्या सभा वाढल्या. तिथं साक्ष म्हणजे जवळजवळ नेहमी बऱ्या झालेल्या आजाराची गोष्ट: डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना झाली, गाठ विरघळली. सांगणाऱ्याचा अनुभव त्याच्यापुरता खरा असेल, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण तीच गोष्ट मोबाइलवर चित्रफीत होऊन फिरते, तिच्याखाली फोन नंबर येतो, आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारी एखादी म्हातारी घडते, तेव्हा ती साक्ष राहत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखण्याला गुन्हा ठरवतो. तो बुवांना लागू आहे तसा पास्टरांनाही. दुसरी चूक जुनीच आहे: शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवणं. गणपतीच्या आरतीला प्रसाद नाकारताना तोंडातून निघालेलं एक वाक्य वीस वर्षांची शेजारधर्माची कमाई घालवतं. नम्रपणे ‘नको’ म्हणणाऱ्यावर सहसा कुणी रागावत नाही.

न बोलता केलेली साक्ष हाही या जिल्ह्यातला मोठा अध्याय आहे. साल्व्हेशन आर्मीचं बूथ हॉस्पिटल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत नगरकरांना आधार वाटलं. बाकीचे दवाखाने दार लावत असताना तिथं रुग्ण घेतले जात होते. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट फादर या जिल्ह्यात पाण्यासाठी झिजले. सोशल सेंटर, मग इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांचे उघडे डोंगर त्या कामाने हिरवे झाले. लोक त्यांना ‘बाखरबाबा’ म्हणत आणि चारी बांधताना कुणी त्यांना बाप्तिस्म्याचं विचारत नसे. काहींना हेच आदर्श वाटतं: काम करा, तोंड उघडू नका. त्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. माणूस आयुष्यभर राबतो आणि ‘का?’ म्हणून विचारल्यावरही उत्तर टाळतो, तेव्हा समोरच्याला तो विनय वाटत नाही, लपवाछपवी वाटते.

हरेगावची मतमाउलीची यात्रा या सगळ्या वादापलीकडची आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या या गावात सप्टेंबरमध्ये मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास लोटणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. पायी आलेल्या बाया मेणबत्ती लावतात आणि ओळीत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला आपला नवस सांगतात: लेकीला मूल होत नव्हतं, नवऱ्याची दारू सुटली. इथं कोण कुणाला साक्ष देतंय हे सांगणं अवघड आहे. तसंच नाताळच्या फराळाचं. नगरच्या ख्रिस्ती घरांत करंज्या, चिवडा, अनारसे होतात, ताटं शेजारी जातात आणि दिवाळीला भरून परत आलेली असतातच. ताट देताना ‘आज तुमच्यात काय असतं?’ असं कुणी विचारलंच, तर गोठ्यातल्या जन्माची गोष्ट दारातच सांगून होते.

जगभरच्या चर्चेतूनही वाट साधारण हीच निघालेली दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये गरीब आणि अशिक्षितांवर दडपण आणणारा प्रचार निषिद्ध ठरवला. २०११ मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हॅन्जेलिकल अलायन्स यांनी मिळून बहुधर्मी समाजातल्या साक्षीबद्दल एक निवेदन काढलं. एरवी एका मांडवात न बसणाऱ्या या तिघांनी त्यात आमिषं आणि आजाऱ्यांच्या असहायतेचा गैरफायदा यांना स्पष्ट नकार दिला. त्याचं मराठी वाचन नगरच्या किती मंडळ्यांत झालं असेल? फारशा मंडळ्यांत नाही, असा अंदाज करायला हरकत नाही.

भारतातच घडलेला एक प्रयोग मात्र नगरने उचलावा. स्टॅन्ली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी १९२० च्या दशकात गोलमेज बैठका घेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक, सगळे गोल बसत. नियम एकच: वाद नाही, तत्त्वज्ञान नाही, तुमच्या धर्माने तुमच्या रोजच्या जगण्यात काय केलं तेवढं सांगा. सगळ्यांना बोलायची संधी, म्हणून सगळ्यांना ऐकावंही लागे. १९२८ मध्ये त्यांनी या बैठकांवर पुस्तक लिहिलं. आपल्या मंडळ्यांत साक्ष एकतर्फी झाली आहे. ख्रिस्ती बोलणार आणि बाकीचे ऐकणार. वारीला जाऊन आलेल्या शेजाऱ्याला तिथं काय मिळालं, विपश्यनेला बसणाऱ्या बौद्ध चुलतभावाला काय उमगलं, हे विचारण्याची सवय नसलेल्या माणसाला आपलं सांगण्याचा अधिकार तरी कितीसा उरतो?

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेलं अहमदनगर कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे आणि तिथं पिढ्यान् पिढ्या सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकली आहेत. अशी बैठक वर्षातून एकदा भरवायला त्याहून योग्य जागा जिल्ह्यात नाही. पाळकांनी चंगाईच्या गोष्टींआधी ‘औषध चालू ठेवा’ हे वाक्य सांगायला सुरुवात करावी, बाप्तिस्म्याच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ वाचायला लावावं आणि या बैठकीला मंडळीतली दोन तरुण माणसं पाठवावीत. वारकरी, मौलवी, भन्ते यांना निमंत्रण द्यायला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. सभागृह आहे, खुर्च्या आहेत. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा.